उत्तर आइसलंडचा व्हिसा आणि दोन विमानतळांचा घोळ

बँक स्टेटमेंट, आयटीआर, ३०,००० युरोंचा प्रवास विमा, ९० युरो फी, हे सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते व्हिसा केंद्राच्या काउंटरवर, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आमच्या मनात उत्तर आइसलंडच होतं. टूरवाले बहुतेक राजधानी रेक्याविक आणि दक्षिण किनारा फिरवून आणतात, म्हणून आम्ही आमचे निघालो. केफ्लाविकला उतरायचं आणि रेक्याविकहून छोट्या विमानाने उत्तरेतलं आकुरेयरी शहर गाठायचं.

कागद तपासणारी मुलगी म्हणाली, "सर, तुमचं तिकीट चुकलंय. उतरताय एका एअरपोर्टला, पुढची फ्लाइट दुसऱ्याच एअरपोर्टवरून." मी सांगितलं, परदेशातून येणारी बहुतेक विमानं केफ्लाविकला उतरतात, आकुरेयरीचं विमान रेक्याविक शहरातल्या विमानतळावरून सुटतं, मधे साधारण ५० किलोमीटर अंतर आहे. "मग त्या प्रवासाचं बुकिंग कुठंय?" दोन विमानतळांमधली बस तिथे उतरल्यावरही मिळते, हे तिला पटेना. वरिष्ठ आले, त्यांनी फाइल चाळली आणि 'कागद अपूर्ण' असं लिहून त्याखाली माझी सही मागितली. मी साफ नकार दिला. निर्णय दूतावासाचा असतो, केंद्राचं काम कागद गोळा करण्याचं. मग दूतावासाकडे जाणाऱ्या फाइलवर असा शेरा मी का लावून घेऊ? आत मोबाइल बंद. बाहेर फुटपाथवर उभं राहून बस बुक केली, झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढली, पुन्हा तपासणीच्या रांगेत लागलो. फाइल शेऱ्याशिवाय गेली, याचं मला आजही समाधान आहे.

तेव्हा अर्जासोबतच्या पत्रात दोन्ही विमानतळांची नावं घालून एक ओळ लिहाच. दिवसवार बेतही कारणासकट द्या. "मीवात्न तळ्याकाठी इतके मुक्काम कशाला?" हेही मला विचारलं होतं. कारण सगळं तिथूनच जवळ आहे! हव्हेरिरला चिखल रटरटा उकळतो, गंधकाचा वास कपड्यांतून जात नाही. क्राफ्ला ज्वालामुखीजवळचं वीती विवर १७२४ च्या स्फोटात तयार झालं. त्याच उद्रेकाचा लाव्हा १७२९ मध्ये तळ्याकाठच्या गावापर्यंत आला आणि चर्चला वळसा घालून पुढे गेला. ती जागा नक्की बघा. सह्याद्रीचा थंड काळा दगड बघत वाढलेल्या माणसाला पायाखालची गरम जमीन काय वाटते, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

डेट्टीफॉस धबधबा ४४ मीटर उंच, पाणी राखाडी. गोदाफॉस फक्त १२ मीटरचा, पण मला तोच जास्त आवडला. इ.स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर जुन्या देवांच्या मूर्ती त्यात टाकल्या, अशी तिथली कथा आहे. देवमाशांसाठी हुसाविकला जा.

आणि हो, आकुरेयरीहून पूर्वेला निघताना बोगदा लागतो. तिथे टोलनाका नाही. पैसे ऑनलाइन भरायचे, त्याच दिवशी भरून टाका. राहिले तर गाडी भाड्याने देणारे वर आपली फी लावून वसूल करतात.