केओलीनचा पांढरा हात : गच्चीवरचा मे महिना

नागपूरचा पारा 44 च्या वर गेलाय, म्हणजे उन्हापासून झाडं वाचवणाऱ्या फवारण्यांच्या चाचणीला याहून चांगला मुहूर्त नाही. शेडनेट या वेळी मुद्दाम लावली नाही. माती तीच, भुश्याचं आच्छादन तेवढंच, पाणी सकाळीच. मिरची-टोमॅटोच्या प्रत्येक ओळीला फक्त फवारणी वेगळी, आणि एका ओळीला नुसतं पाणी.

सगळ्यात ठळक फरक केओलीनचा, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या बारीक पुडीचा. लिटरला 50 ग्रॅम, कपड्यातून गाळून, स्टिकरचे (फवारा पानाला चिकटवणाऱ्या द्रवाचे) दोन-चार थेंब टाकून. पंप सतत हलवत राहायचा, नाहीतर गाळ तळाशी बसतो आणि नोझल तुंबतं. कोरडवाहू शेतात पावसाचा खंड पडला की बाष्परोधक म्हणून, म्हणजे पानातून पाणी कमी उडावं म्हणून, फवारतात तेच हे. पांढरा थर ऊन परतवतो, पान कमी तापतं. पर्णरंध्रं, म्हणजे पानाची बारीक छिद्रं, खालच्या बाजूला जास्त असतात, ती बुजू नयेत म्हणून फवारा वरूनच मारला. पाण्याच्या ओळीत पश्चिमेकडच्या टोमॅटोंवर पांढरट, कागदासारखे चट्टे पडले. केओलीनच्या ओळीत एखाददुसरं फळ सोडलं तर काही नाही. फक्त नवी पालवी कोरीच राहते, तिच्यासाठी पुन्हा हात मारावा लागतो. आणि टोमॅटो घासून धुवावे लागतात, यावर घरातून वेगळे अभिप्राय आले.

फुलगळ मात्र थांबली नाही. थांबणारही नव्हती. टोमॅटोला फळ धरायला रात्र थंड लागते. ती पंचविशीच्या खाली उतरत नसेल, तर परागकणच नीट काम करत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात मध्यरात्रीही गच्चीचा स्लॅब तापलेला असतो. तिथे पानावरचा थर काय करणार?

13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला 10 ग्रॅम, संध्याकाळी. पर्णरंध्रांची उघडझाप पालाशवर (पोटॅशियमवर) चालते, त्यामुळे आशा होती. या ओळीतली पानं दुपारी जरा उशिरा माना टाकतात. पण त्यातल्या नत्रानेही पान टवटवीत दिसतं, म्हणून याचे पूर्ण गुण मी अजून देत नाही.

सॅलिसिलिक ॲसिड (झाडाला ताण सोसायला मदत व्हावी म्हणून फवारतात ते) लिटरला 100 मिलिग्रॅम. थंड पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये घोळवावं लागतं. एवढा खटाटोप करून पाण्याच्या ओळीपेक्षा वेगळं काही दिसलं नाही.

पुढच्या वर्षी टोमॅटोची रोपं लवकर लावणार, म्हणजे रात्री तापायच्या आत फळं धरलेली असतील. मग एप्रिलपासून केओलीन, फक्त फळं भाजू नयेत म्हणून. कोणी वांग्यावर मारून पाहिलंय का? त्या लवदार पानावर थर कसा बसतो ते सांगा.