पुराच्या दिवसांसाठी जनरेटर घेताना आधी पाण्याची मोटर बघा

जून लागला की आमच्या भागात प्रत्येक घरात एकच विषय, कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट. 39 म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे इथल्या लहान पोरांनापण पाठ आहे. 2019 ला आणि परत 2021 ला लाईट गेली ती दिवसच्या दिवस आलीच नाही, आणि शहराला नळाचं पाणी देणारं शिंगणापूरचं उपसा केंद्रच पाण्यात गेल्यामुळं नळपण कोरडे, म्हणजे सगळीकडं पाणीच पाणी आणि प्यायला, संडासला पाणी नाही. घरात इन्व्हर्टर होता की, पण 150 एएचची एक बॅटरी पंखे-दिवे धरून रात्रभर पुरते, सकाळी ती चार्ज कशावर करणार?

म्हणून यंदा जनरेटर घ्यायचाच ठरवलं. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, किती केव्हीएचा, म्हणजे किती ताकदीचा पाहिजे. माझं म्हणणं आहे की याचं उत्तर दुकानात नाही, आपल्या बोअरच्या मोटरवर आहे. फ्रीज, चार पंखे, एलईडी दिवे, मोबाईल चार्जर, सगळं मिळून हजार वॅटच्या आतबाहेरच जातंय, खरा राक्षस मोटर आहे. 1 एचपी म्हणजे 746 वॅट असं सगळे सांगतात, ते खरंय पण ती मोटरनं बाहेर दिलेली ताकद, चालताना ती वीज त्याहून जास्त ओढते आणि सुरू होताना तर कितीतरी पट.

उद्यमनगरातल्या ओळखीच्या वायरमनला घरी बोलवलं, त्यानं वायरीला टाँग टेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा लावला आणि म्हणाला दादा आकड्याकडं बघत रहा. स्टार्टरचं बटन दाबलं तसा आकडा एकदम तीस अँपिअरजवळ उडाला, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत खाली येऊन सातावर बसला. आता 3 केव्हीएचा जनरेटर म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 13 अँपिअर. त्यावर ही मोटर टाकली तर जनरेटर गुदमरणार, व्होल्टेज पडणार आणि मोटरचं वायंडिंग तापणार. आणि केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे, साधारण 0.8 नं गुणायचं, म्हणजे 3 चे 2.4 च. लेबलवर मॅक्स मोठ्या अक्षरात असतं, आपण त्याच्या खालचं रेटेड वाचायचं.

मी 5 केव्हीए पेट्रोलचा घेतला. बोअर सुरू करताना फ्रीज बंद, टाकी भरली की मोटर बंद आणि मग फ्रीज चालू, एवढी शिस्त घरच्यांनी पाळली की भागतंय. ज्यांच्याकडं बोअर नाही त्यांनी एवढा मोठा घेऊ नये, उगाच पेट्रोल जाळायचं.

ज्यांच्या छपरावर सोलर आहे त्यांच्यासाठी एक सांगतो, बॅटरी नसलेला ऑनग्रीड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेला सोलर लाईट गेली की आपोआप बंद पडतो, लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. पुरात त्याचा भरवसा धरू नका.

लाईनवरच्या माणसाला शॉक बसू नये म्हणूनच चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी लाईन नाहीतर जनरेटर यातलं एकच जोडणारा स्विच, पाहिजेच पाहिजे. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर सरळ प्लगमध्ये घुसवणारे लोक मी बघितलेत, अक्षरशः अंगावर काटा येतो. तो करंट उलटा बाहेरच्या लाईनमध्ये जातो, आणि पूर ओसरल्यावर खांबावर चढणारा वायरमन लाईन बंद आहे या विश्वासानं हात घालतो. कुणाच्या तरी घरचा माणूस आहे तो.

ठेवायचा कुठं, हा आमच्या भागातला सगळ्यात अवघड प्रश्न. पार्किंगमध्ये ठेवला तर पहिला तोच बुडणार. जिन्यात किंवा बाल्कनीत अजिबात नको, धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. आम्ही टेरेसवर चारी बाजूंनी मोकळी पत्र्याची शेड मारली, खाली रबरी पॅड टाकले आणि तिथनं खाली आर्मर्ड (धातूच्या आवरणाची) केबल आणली. चौघांनी मिळून वर चढवला, शेजारच्या काकांनी दोर धरला, त्यांच्या घरीपण त्यातनंच पाणी देणार आहोत.

पेट्रोल वर्षभर साठवून ठेवत नाही, धोका आहे आणि आताचं इथेनॉलवालं पेट्रोल ओल धरतं. बंधाऱ्यावर 39 झालं की लगेच टाकी फुल्ल करायची, कारण शिरोलीजवळ हायवे बंद झाला की टँकर येत नाहीत आणि पंपावर रांगा लागतात. बाकी महिन्यातनं एकदा पंधरा मिनिटं लोडवर चालवायचा आणि पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालू द्यायचा, एवढंच काम आहे.