घासाचा प्रवास: कुठे किती वेळ, कुठे अडतं

गिळलेल्या अन्नाचा चोथा बाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. वेळ किती लागणार, हे अंतरापेक्षा वाटेतली स्नायूंची दारं ठरवतात. बराचसा त्रासही या दारांपाशीच होतो.

तोंडाचा टप्पा छोटा, पण पूर्णपणे आपल्या ताब्यातला. इथे घाई करू नका. लाळेतलं अमायलेज पिष्टाचं विघटन सुरू करतं आणि दात जे काम सोडतील ते जठराला करावं लागतं. गिळताना श्वासनलिकेवरचं झाकण मिटतं. घास तोंडात असताना बोललं तर ते वेळेवर मिटत नाही आणि ठसका लागतो.

पुढची २५ सेंटिमीटरची अन्ननलिका घास दहाएक सेकंदांत पार करतो. गोळ्या मात्र इथे चिकटू शकतात आणि काही गोळ्या आतलं अस्तर सोलतात. गोळी बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नका. नलिकेच्या तळाचं दार सैल पडलं की आम्ल वर येऊन छातीत जळजळतं. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. झोपताना डावी कूस बरी, कारण तेव्हा जठर त्या दाराच्या खालच्या पातळीवर राहतं.

जठरात मुक्काम दोन ते चार तास. बाहेरचं दार घन अन्नाचे एक-दोन मिलिमीटरपर्यंतचे कणच सहज सोडतं, म्हणून न चावलेले तुकडे मागे रखडतात. पाणी पटकन निसटतं. स्निग्ध पदार्थ आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोचले की तिथून निघालेलं संप्रेरक जठराला थांबवतं. तेलकट जेवणानंतर तासन्‌तास पोट जड वाटतं ते यामुळे. तेच संप्रेरक पित्ताशय पिळतं. पित्तखडा असेल तर बरगड्यांखाली उजवीकडे कळ येते, ती याच वेळी.

लहान आतडं सुमारे सहा मीटर, तीन ते सहा तासांचं. पोषण बहुतेक सगळं इथेच शोषलं जातं. अन्नपाणी आणि पाचकरस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव इथे येतो. पुढे जेमतेम एक-दीड लिटर जातो.

मोठं आतडं दीड मीटरचं, तरी सर्वाधिक वेळ तेच खातं. चोथा जितका रेंगाळेल तितकं पाणी शोषलं जातं आणि मल कडक होतो. तंतुमय पदार्थ दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत न्या, पण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू. एकदम वाढवले तर जिवाणूंच्या आंबवण्याने पोट फुगतं. जठर भरलं की मोठं आतडं हलतं, म्हणून सकाळच्या खाण्यानंतर अर्ध्या तासात शौचाला बसणं सर्वांत सोपं. कमोड असेल तर पायांखाली छोटं स्टूल घ्या. गुडघे कमरेच्या वर आले की मलाशयाचा बाक कमी होतो. शौचाची आलेली भावना दाबू नका.

गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, मलात रक्त किंवा डांबरासारखा काळा, चिकट मल दिसला तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडे जा. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो. त्या चालू असतील तर तेही सांगा.