कुपी फोडू की नको?

"थांबा जरा, अजून दोन-तीन बाळं येऊ देत. मग फोडते कुपी."

सिस्टर सहज म्हणाल्या. समोरची आई बाळाला मांडीवर घेऊन गप्प बसून राहिली.

गोवराची लस. एका कुपीत दहा डोस. एकदा लसीच्या भुकटीत द्रावक, म्हणजे ती विरघळवणारं पाणी, मिसळलं की सहा तासांत वापरायची, उरली तर फेकायची. एकेका डोसच्या कुप्याही असतात, पण महाग, आणि शीतपेटीत जागा जास्त खातात.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, एकच मूल आलं तरी कुपी उघडा. पण सिस्टरना तरी काय बोलणार? वाया गेलेल्या डोसचा हिशेब त्यांनाच द्यायचा. परत गेलेल्या बाळाचा रकाना वहीत दिसला नाही मला.

तासाभराने ती आई उठून गेली.

येईल का ती परत?