नऊचा नियम खरं तर दहाचा आहे

एखाद्या संख्येला ९ ने भाग जातो का बघायचं तर अंकांची बेरीज करायची, ती ९ च्या पटीत आली की भाग जातो, हे शाळेत सगळ्यांनाच शिकवतात. पण हा गुण ९ चा नाहीये, तो आपण दहाच्या बेसमध्ये (म्हणजे डावीकडचं प्रत्येक स्थान आधीच्याच्या दहापट धरून) लिहितो म्हणून आलाय, आणि हे एकदा कळलं ना की संख्यांकडे बघायची नजरच बदलते.

३७८ घ्या. ३ शतक, ७ दशक, ८ एकक. आता शंभर म्हणजे ९९ अधिक १, दहा म्हणजे ९ अधिक १, त्यामुळे प्रत्येक शतकातून आणि दशकातून नऊच्या पटी काढून टाकल्या की मागे एकेकच उरतो, म्हणजे एकूण ३ + ७ + ८ = १८, आणि १८ ला ९ ने भाग जातो. झालं, एवढंच आहे ते. यात ९ चं कर्तृत्व काय तर तो दहापेक्षा एकने कमी आहे.

आता हीच संख्या आठच्या बेसमध्ये लिहू. तिथे स्थानं १, ८, ६४ अशी वाढतात. ३७८ मध्ये ५ चौसष्ट (३२०), ७ आठ (५६) आणि वर २, म्हणून ती ५७२ अशी लिहायची. अंकांची बेरीज १४, आणि १४ ला ७ ने भाग जातो. ३७८ म्हणजे ७ गुणिले ५४, बरोब्बर! आठच्या बेसमध्ये नऊची जागा सातने घेतली.

मला वाटतं बेस शिकवताना गडबड होते ती "भागत जा आणि बाक्या उलट्या क्रमाने लिहा" इथे, कारण ते का चालतं हे कुणी सांगतच नाही. ३७८ ला ८ ने भागल्यावर उरलेले २ म्हणजे आठाच्या गठ्ठ्यात न बसलेले, म्हणून ते एकक. मग ४७ गठ्ठे आहेत, त्यांचे परत आठाआठाचे मोठे गठ्ठे केले की ५ होतात आणि ७ उरतात. म्हणजे बाक्या उजवीकडून डावीकडे आपोआपच मिळत जातात.

अपूर्णांकांत तर हे अजून भारी दिसतं. १/३ दशांशात ०.३३३३... असं संपतच नाही, पण बाराच्या बेसमध्ये ते सरळ ०.४ आहे आणि तीनच्या बेसमध्ये ०.१. नियम असा की अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आणल्यावर छेदाचे जे मूळ अवयव असतात ते सगळे बेसमध्येही असले तरच लिहिणं संपतं. दहाकडे फक्त २ आणि ५ आहेत. बॅबिलोनियन लोक ६० चा बेस वापरायचे, त्यात २, ३, ५ तिन्ही येतात, म्हणून तासाचा तिसरा भाग आजही स्वच्छ २० मिनिटं निघतो (सातवा भाग मात्र तिथेही संपत नाही). आणि कॉम्प्युटरकडे तर फक्त २, त्यामुळे आपला साधा ०.१ बायनरीत, म्हणजे दोनच्या बेसमध्ये, ०.०००११००११००११... असा चालूच राहतो, तो कुठेतरी तोडावाच लागतो, म्हणूनच पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं. त्याला लोक बग म्हणतात ते मला पटत नाही, १/३ ला ०.३३३३ वर तोडल्यावर आपलंही हेच होतं.

मग बेस बदलल्यावर बदलत नाही असं काय? मूळ संख्या. १३ ला बायनरीत ११०१ लिहा नाहीतर आठच्या बेसमध्ये १५, तेरा खडे समान ओळींत मांडायला गेलात तर एकाच लांब ओळीशिवाय काही जमणार नाही.

आणि हे करून बघाच, १२१ हे अंक दोनपेक्षा मोठ्या कुठल्याही बेसमध्ये वाचा, वर्गसंख्याच मिळते. तीनच्या बेसमध्ये १६, आठच्या बेसमध्ये ८१, कारण बेस अधिक एकचा वर्ग केला की अंक १, २, १ च येतात. तसंच १३३१ चं, फक्त बेस तीनपेक्षा मोठा हवा: चारच्या बेसमध्ये ते १२५ होतं, म्हणजे ५ चा घन.