तुम्ही विचारलंत म्हणून: बर्नर कोणता लावू?

लोहारकाम शिकायला लागलेलं कोणी भेटलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला हा प्रश्न येतोच. "प्रोपेनची भट्टी घरीच करतोय, बर्नर कोणता लावू?" कोणाला एक इंच नळीचा हवा असतो, कोणी दोन लावायचं ठरवून आलेलं असतं, कोणाला ब्लोअर जोडायचा असतो. मी दरवेळी उलट विचारते, भट्टीच्या पोटात पाणी किती लिटर मावेल? बहुतेकांनी ते मोजलेलं नसतं. पहिल्या वेळी मीही मोजलं नव्हतं.

माझी पहिली भट्टी ड्रमची होती. आतली पोकळी 30 सेंटीमीटर रुंद, 45 लांब. भट्टी मोठी असली की काम मोठं करता येईल, एवढाच विचार. तिला एक पाऊण इंची बर्नर लावला. आवाज जोरदार, ज्योत छान निळी, सिलिंडरच्या अंगावर बर्फाचा पातळ थर चढलेला, आणि अर्ध्या तासाने बाहेर काढलेला गज गडद लाल. त्यावर घाव घातला की गज जेमतेम हलायचा आणि माझ्या मनगटात झिणझिण्या यायच्या. महिनाभर मी बर्नरच्या मागे लागले. जेटचं, म्हणजे गॅस सुटतो त्या तोटीचं, भोक बदललं, हवेची फट कमीजास्त केली, दाब वाढवला. मग एकदा कागदावर हिशेब मांडला. पोकळी निघाली जवळपास 32 लिटरची. पाऊण इंची बर्नर साडेपाच-सहा लिटरपर्यंतची पोकळी नीट तापवतो, हा लोहारांचा अनुभवाचा अंदाज आहे. बर्नर बिचारा पहिल्या दिवसापासून आपलं काम चोख करत होता.

भट्टीत गजाला मिळणारी बरीचशी उष्णता आतल्या भिंतींची असते. ज्योत भिंती तापवते, भिंती पिवळ्याधमक झाल्या की त्या गजाला चारी बाजूंनी तापवतात. म्हणून पोकळी लहान हवी आणि अस्तर उष्णता धरून ठेवणारं हवं. या दोन गोष्टी साधल्या तर साधा बर्नरही पुरतो.

माझी आताची भट्टी 25 सेंटीमीटर व्यासाच्या पोलादी पाईपच्या तुकड्याची आहे. आत 25 मिलिमीटर जाडीच्या सिरॅमिक ब्लँकेटचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या गादीचे, दोन थर, त्यावर सेंटीमीटरभर कास्टेबलचा, म्हणजे पाण्यात कालवून लावायच्या भट्टीच्या मसाल्याचा, लेप. उरलं 13 सेंटीमीटरचं भोक, 30 लांब, म्हणजे चार लिटर. पाईप नवा घेतला, कारण जुनं गॅस सिलिंडर कापायची मला भीती वाटते आणि ती तुम्हालाही वाटावी. रिकामं वाटणाऱ्या सिलिंडरमध्येही पेट घेण्यापुरता गॅस राहू शकतो.

ब्लँकेट कापसासारखं मऊ दिसतं, हाताळायला सोपं, आणि तिथेच माणूस फसतो. त्याचे तंतू इतके बारीक असतात की श्वासाबरोबर खोल फुप्फुसात जातात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, हे तंतू कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात ठेवले आहेत. कापताना चांगला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. आणि उघडं ब्लँकेट घेऊन भट्टी कधीही पेटवायची नाही. आधी त्यावर सिलिकाचं कडक करणारं द्रावण फवारायचं, वाळू द्यायचं, मग कास्टेबल. "लेप नंतर देईन, आधी एकदा तापवून बघतो" असं कोणी म्हटलं की मी खरोखर कळवळून सांगते, नको. एका संध्याकाळच्या उत्सुकतेपायी तो धोका घ्यावा असं त्यात काहीच नाही.

लेप देताना कास्टेबल ओल्या वाळूइतपतच भिजवायचं. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, बोटांतून पाणी गळू नये. ब्लँकेटवर आधी पाणी शिंपडा, नाहीतर ते लेपातलं पाणी ओढून घेतं आणि लेप पापुद्र्यासारखा सुटतो. मग डबा सांगेल तसं भरपूर वाळू द्यायचं, आणि पहिली आच अगदी थोडी, दोन-पाच मिनिटांची, मध्ये थंड होऊ देत. आत अडकलेल्या पाण्याची वाफ एकदम झाली तर लेपाचे तुकडे उडतात. साध्या सिमेंट-काँक्रीटचं अस्तर करू नका, ते याच कारणाने फुटतं. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळूचा नुस्खा स्वस्त म्हणून फार फिरतो. तोही टिकत नाही, थोड्याच दिवसांत भुसभुशीत होतो. तळाला मात्र कडक फायरब्रिक किंवा जाड कास्टेबल ठेवा. पुढे कधी टाकणखार घालून जोडकाम कराल तेव्हा तो वितळून खाली ओघळतो, आणि सिरॅमिक ब्लँकेट तर असं खातो की पाण्यात साखर विरघळावी.

आता बर्नर. एवढ्या पोकळीला एकच पाऊण इंची, ब्लोअरशिवाय स्वतः हवा ओढणारा, भरपूर झाला. प्रोपेनच्या एका भागाला जळायला सुमारे 24 भाग हवा लागते, आणि ती सगळी जेटमधून सुटणारी गॅसची धार आपल्याबरोबर ओढून आणते. म्हणून जेट नळीच्या अगदी मधोमध आणि सरळ बसला पाहिजे. केसभर तिरका असला तरी ज्योत एका अंगाला झुकते. भट्टीची तोंडं विटांनी अर्धवट झाका, पूर्ण नको. जळलेला वायू बाहेर पडला नाही तर बर्नर गुदमरतो. रेग्युलेटर दाब कमीजास्त करता येणारा, जास्त दाबाचा लागतो. स्वयंपाकाच्या शेगडीचा इथे चालत नाही. जस्ताचा मुलामा दिलेले पाईप भट्टीच्या तोंडाशी नकोत, तापलं की त्याचा धूर माणसाला आजारी पाडतो.

प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, दरवेळी. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, गळला की जमिनीलगत साठतो. तळघर म्हणूनच वर्ज्य. भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही येतो, त्याला वासच नसतो. म्हणून काम उघड्यावर, किंवा दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशा छपराखाली. आडोशाला असाल तर त्याचा डिटेक्टर लावा.

पेटवताना आधी आत पेटता बोळा ठेवायचा, मग गॅस सोडायचा. उलट केलंत तर पोकळीत गॅस भरतो आणि काडी लावताच भडका तोंडावर येतो. दाब फार कमी केला तर ज्योत नळीत मागे शिरते आणि फटफट असा आवाज येतो. लगेच गॅस बंद करा, नळी थंड होऊ द्या, दाब वाढवून पुन्हा पेटवा. सूर लागला की एकसारखी घरघर ऐकू येते. काही मिनिटांत लेप लाल, मग नारिंगी होतो. 12 मिलिमीटरचा साध्या लोखंडाचा गज आत सरकवा. सुमारे 770 अंशांना त्याला चुंबक चिकटेनासं होतं, पण तेवढ्यावर घाव घालायला धावू नका. नारिंगीच्या पुढे, पिवळ्याकडे झुकलेला रंग येऊ द्या. माझ्या लहान भट्टीतून तसा पहिला गज काढला तेव्हा ऐरणीवर तो हातोड्याखाली मेणासारखा दबला. मनगटाला काही जाणवलं नाही, आणि मी हातोडा खाली ठेवून नुसती त्या चपट्या झालेल्या टोकाकडे बघत उभी राहिले, इतका वेळ की गज परत काळा पडला.

मोठी भट्टी नंतर करा, हवी वाटली तर. मला अजून लागलेली नाही. काम संपलं की आधी सिलिंडरची झडप बंद करते, नळीतला गॅस जळून जाऊ देते, मग रेग्युलेटर सैल करते. ज्योत गेल्यावरही आतली भिंत बराच वेळ लाल राहते. ती काळी पडेपर्यंत मी तिथून हलत नाही.