तुम्ही विचारलंत म्हणून : जावेला शब्द असलेला देश

अंकारात चार वर्षं काढून आल्यापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. लग्नाच्या पंगतीत विचारून झाला, लिफ्टमध्ये झाला, दातांच्या डॉक्टरांनी तर माझा जबडा उघडा असताना विचारला : "तुर्की माणसं आपल्यासारखी, की युरोपातल्यासारखी?" आता तुम्हीही विचारलंत, तर एकदा लिहूनच टाकते.

मला पहिला सुगावा लागला तुर्की शिकताना, नात्यांच्या धड्यात. वर्गातली जर्मन मुलगी रडकुंडीला आली होती, कारण तिच्याकडे आत्या, मावशी, काकू सगळ्यांना मिळून एकच शब्द. मी मात्र भराभर लिहून घेत होते. आत्या म्हणजे हाला, मावशी म्हणजे तेझे, काका आम्जा, मामा दायी. साडूला बाजानाक, जावेला एल्ती. ज्या भाषेत जावेला वेगळा शब्द आहे, तिथे जावाजावांत काय चालत असेल हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. घरजावयालाही शब्द आहे, आणि "कसं काय?" विचारल्यावर "घरजावयापेक्षा बरं" असं म्हणायची पद्धतही आहे. थोरल्या बहिणीला म्हणतात आब्ला. आपली अबला नव्हे. ही आब्ला घरात असली की धाकटे आवाज चढवत नाहीत.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना सगळी इमारत तेझे म्हणायची, म्हणून मीही. त्यांची मुलगी इंजिनिअर. मुलगा तिनंच पसंत केलेला, हॉलसुद्धा दोघांनी आधीच बघून ठेवलेला. तरी एका संध्याकाळी मुलाकडची मंडळी फुलं आणि चॉकलेटचा डबा घेऊन रीतसर मागणी घालायला आली. मुलीनं सगळ्यांना कॉफी दिली. नवऱ्या मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ, तेही सढळ हातानं. त्यानं तोंड वाकडं न करता ती संपवायची, आणि बाकीच्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं. आपल्याकडे पोह्यांची बशी घेऊन येते तिची परीक्षा असते, इथे पिणाऱ्याची होती. मला हे फार आवडलं.

मग मुलाचे आजोबा घसा खाकरून म्हणाले, "अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबरांच्या वचनानं तुमची मुलगी आमच्या मुलासाठी मागतो." मुलीचे वडील पक्के आतातुर्कवाले, म्हणजे धर्म राज्यकारभारापासून लांब ठेवणाऱ्या केमाल आतातुर्क यांना मानणारे, मशिदीत ईदेपुरते जाणारे. पण हे वाक्य ऐकताना ते सावरून बसले. "मुलांनी एकमेकांना पसंत केलंय, आम्ही फक्त शुभ होवो म्हणायचं," असं म्हणून त्यांनी होकार दिला. दोन अंगठ्यांना बांधलेली लाल फीत कात्रीनं कापली गेली आणि तेझे स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या.

यातलं जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हे मी तेव्हा मनात वेगळं करायला बसले होते. नंतर कायद्याचं वाचलं आणि तो नाद सोडला. 1926 साली तुर्कस्ताननं स्वित्झर्लंडचा नागरी कायदा जवळजवळ जसाच्या तसा उचलला. दुसरी बायको करणं बंद, सरकारी नोंदणीशिवाय लग्न कायदेशीर नाही. (मुंबई प्रांतात हिंदूंना दुसरी बायको करायची बंदी आली 1946 साली.) पण त्याच कायद्यात नवरा हा कुटुंबप्रमुख होता, आणि बायकोनं नोकरी करायला त्याची परवानगी लागे. हे परवानगीचं कलम तिथल्या घटना न्यायालयानं 1990 साली रद्द केलं. कुटुंबप्रमुखपद जायला 1 जानेवारी 2002 उजाडला. म्हणजे ज्याला आपण सरसकट 'त्यांची जुनी चाल' म्हणू, ते कलम थेट युरोपातून आलेलं! तुर्की बायकांना संसदेसाठी मतदानाचा हक्क मिळाला 1934 साली, स्विस बायकांना 1971 मध्ये. तेव्हा 'युरोपातल्यासारखी' म्हणजे नक्की कोणासारखी, हे आधी विचारणाऱ्यानं सांगावं.

सगळं गोडच आहे असं नाही. बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या कराराला इस्तंबूलचंच नाव आहे, आणि 2021 साली तुर्कस्तानच त्यातून बाहेर पडला. कुटुंबव्यवस्थेला धोका, हे कारण त्या वेळी बरंच ऐकू आलं. कुटुंब वाचवायचं म्हटलं की किंमत कोण मोजतं, ते मराठी वाचकाला वेगळं सांगत नाही.

2017 मध्ये सरकारनं काही शहरांत नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांना दरमहा भत्ता द्यायचा प्रयोग केला होता. तेझेंनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं, "आधी नातू तर येऊ दे!" आता आलाय. मुलगी सकाळी ऑफिसला जाताना त्याला सोडून जाते. आईच्या आईला तिथे म्हणतात आन्नेआन्ने, म्हणजे आई-आई. परवा व्हिडिओ कॉलवर तेझेंनी धापा टाकत विचारलं, "तुमच्याकडे आजीला पगार असतो का गं?"

"नाही हो."

"मग आमच्यासारखंच," म्हणाल्या, आणि फोन टेबलावर तसाच ठेवून त्याच्यामागे धावल्या. पुढची दहा मिनिटं मी त्यांच्या छताकडे बघत होते.